खोडलेला मायनस

नांदेड, ३ एप्रिल

प्रिय आनंदराज,

जय भीम. ‘सप्रेम’ लिहायचं विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. आणि ‘आनंद सर’ असंही लिहिणार नाही. ते तुझ्या लातूरच्या क्लासच्या फ्लेक्सवर राहू दे, जिथे तू हाताची घडी घालून, डोळ्यांना नंबर नसताना चष्मा लावून उभा आहेस. तुला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी तुला ओळखते. या पत्राच्या पहिल्या पानावर गंजाचा एक आडवा पट्टा उमटलाय, तो पाहून तोंड वाकडं करू नकोस. माझ्याकडे कागदांची टंचाई नाही, त्या पट्ट्याचं काय ते शेवटी सांगते. तोवर वाच, आणि पूर्ण वाच. फोनवर तू मला तीन वेळा मधेच तोडलंस. पहिल्यांदा तुझी बॅच सुरू होती, दुसऱ्यांदा पालक येऊन बसले होते, आणि तिसऱ्यांदा तू हसलास आणि म्हणालास की आक्का, तुला जन्मापासून सगळं पडेल असंच वाटतं. मग मी एवढा लांबलचक मेसेज लिहिला, तर त्यावर तू अंगठा पाठवलास. अंगठा! आपल्या आजाचा अंगठा निदान शाईचा तरी असायचा. म्हणून म्हटलं कागदच बरा, त्याला ‘नंतर बोलू’ म्हणता येत नाही.

गोष्ट एकच आहे आणि ती आधीच सांगून टाकते. विहाराच्या पुढच्या खोलीवरचा जो लोखंडी सज्जा तू कागदावर काढून दिलास, तो मागून धरलेला नाही. चौदा तारखेला मिरवणूक विहारापुढे येईल तेव्हा गावातल्या बायका त्यावर चढतील, आणि सगळ्यांच्या पुढे, कठड्याला पोट लावून, आपली माय उभी असेल. तेव्हा तो सज्जा पुढून खाली जाईल आणि मागून वर उठेल. आज तीन तारीख आहे. अकरा दिवस राहिलेत.

मला हे कळलं ते असं. मार्चमध्ये मी गावी गेले ती मायच्या डोळ्यांचं बघायला. मुखेडच्या एसटीतून उतरले तर बाई फाट्यावरच उभी, आणि घरी न नेता मला सरळ विहारापाशी घेऊन गेली. माझ्या आनंदानं काढून दिलाय, फुकट काढून दिलाय, असं वाटेत भेटेल त्याला सांगत. तुला आठवत नसेल, कारण तू कायम ढोलाच्या पुढे नाचणाऱ्यांत असायचास, पण आपल्या बायकांना मिरवणूक कधी दिसलेलीच नाही. ओटा पुरुषांचा, रस्ता पोरांचा, आणि बायकांच्या वाट्याला लोकांच्या पाठी. बाबासाहेबांच्या रथावर फूल टाकायचं तर ते कुणाच्या तरी टोपीवर पडायचं. मायने मंडळाच्या बायकांना घेऊन दोन वर्षं भांडून हा सज्जा पदरात पाडून घेतला. वरून बघायला, वरून फुलं टाकायला. ती कौतुक सांगत होती आणि मी वर बघत होते. चार गर्डर, तेरा तेरा फुटांचे. आठ फूट आत खोलीवर, पाच फूट बाहेर रस्त्यावर. एक आधार पुढची भिंत, दुसरा मागची भिंत. वर खरखरीत लोखंडी पत्रा. जिन्याने वर गेले आणि मागच्या भिंतीपाशी वाकले. चारही गर्डरांची मागची टोकं विटांवर नुसती टेकवलेली. बोल्ट नाही, पट्टी नाही, वरून भिंतीचं वजनसुद्धा नाही. पोळपाटावर लाटणं ठेवावं तशी ठेवलेली.

मारोतीदादाला गाठलं. आपला चुलत भाऊ म्हणून सांगत नाही, पण मुखेडात त्याच्यासारखा वेल्डर दुसरा नाही. मला वाटलं त्याने हलगर्जीपणा केला. तो चिडला नाही, दुकानातल्या पत्र्याच्या डब्यातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्या हातात दिला. तुझ्या हातचा, पेन्सिलीने काढलेला. म्हणाला, लुंबिनी, म्या इचारलं हुतं त्याला, मागनं आवळू का म्हणून, तर म्हणला, दादा, एकशे एकोणचाळीस किलो तर वजन येतंय मागं, भिंत सहज झेलती, कशाला खामखा भोकं पाडायलास. दहावी नापास माणसाला जो प्रश्न पडला तो तुला पडला नाही, इथवर मी समजू शकते. पण त्याला पडलेला प्रश्न तू हसून झटकलास. तू चुकलास याचा मला जेवढा राग आहे, त्याच्या दुप्पट राग तू त्याला गप्प केलंस याचा आहे. मान खाली घालून तो म्हणत होता, साहेब लोकांनी लिहून दिल्यावर आपण काय बोलणार. साहेब! ज्याची चड्डी मारोतीदादाने विहिरीतून बाहेर काढून दिली होती, तो साहेब.

आता तुझा कागद. मी तो दोन दिवस टेबलावर ठेवून बघत होते आणि मला हसू येत होतं, म्हणजे त्या जातीचं हसू, जे आल्यावर माणूस खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. एका गर्डरवर लोखंड आणि पत्रा मिळून फुटाला वीस किलो, तेरा फुटांचे दोनशे साठ. कठड्याशी पाच बायका, साठ साठ किलोच्या, तीनशे. इथवर बरोबर. रथ आला की बायका ऐसपैस उभ्या राहत नाहीत, सगळ्या एकदम कठड्याला भिडतात, हे तुला आठवलं, तेवढं तुझं कौतुक करते. मग तू पुढच्या भिंतीभोवती मोमेंट घेतलेस, म्हणजे कोणतं वजन भिंतीपासून किती लांब आहे ते गुणून बघितलंस. तेही बरोबर. गर्डरचे दोनशे साठ भिंतीच्या आत दीड फुटावर, म्हणजे तीनशे नव्वद. बायकांचे तीनशे भिंतीच्या बाहेर पाच फुटांवर, म्हणजे पंधराशे. फरक अकराशे दहा, त्याला आठाने भागलं, एकशे एकोणचाळीस. वा रे पठ्ठ्या! एका किलोचाही फरक नाही.

पण बाहेरचं जास्त भरलं ना रे? मग मागचं टोक भिंतीला दाबेल कशाने? ते तर वर उठायला बघतंय. म्हणजे भिंतीने त्याला खालून उचलून धरायचं नाही, खाली ओढून धरायचं आहे. उत्तर येतं मायनस एकशे एकोणचाळीस. मायनस म्हणजे काही पाप नाही, आपण सुरुवातीला बाण अंदाजाने वर काढला होता, तो खरं तर खाली आहे, एवढंच गणित आपल्याला सांगत असतं. आणि तुझ्या कागदावर काय आहे? मोठ्या झोकात एकशे एकोणचाळीस, त्याभोवती चौकोन, आणि वर जाणारा बाण. मायनस गायब. त्यावर कडी म्हणजे तू ताळासुद्धा करून बघितलास! एकूण वजन पाचशे साठ, त्यातून एकशे एकोणचाळीस गेले, पुढच्या भिंतीवर चारशे एकवीस, बेरीज जुळली, खाली दोन रेघा. अरे शहाण्या, उरलेला आकडा तू वजाबाकी करूनच काढलास, मग बेरीज जुळणार नाही तर काय होईल? मागच्या टोकाभोवती एकदा मोमेंट घेऊन बघितले असतेस तर पुढच्या भिंतीवर सहाशे नव्याण्णव निघाले असते आणि तुझं बिंग तिथल्या तिथे फुटलं असतं. त्या भिंतीला लोखंड पेलायचं, बायका पेलायच्या, आणि वर मागून ओढून धरलेलं ते एकशे एकोणचाळीसही पेलायचं. नशीब ती जुन्या मिस्त्रीच्या हातची दगडी भिंत आहे. ती पेलते, मी बघून घेतलंय.

मायनस कुठे गेला हे मला शोधावं लागलं नाही. तुझ्या उन्हाळी बॅचची पोरं दरवर्षी इथे कॉलेजात माझ्या वर्गात येऊन बसतात आणि मी त्यांना नाव न विचारता ओळखते. गणित नीट सोडवतात, मायनस येतो, तिथे थबकतात. मग खोडरबर निघतं, मायनस पुसला जातो, चौकोन होतो, वर बाण होतो, आणि चेहऱ्यावर असं समाधान पसरतं की बघत राहावं. साठातली अकरा पोरं. सगळ्यांचा चौकोन एकाच वळणाचा, उजवा कोपरा जरा बाहेर काढलेला, जसा तू काढतोस. तनुजा नावाची जळकोटकडची एक मुलगी आहे, अक्षर मोत्यासारखं, डोकं त्याहून चांगलं. तिला विचारलं, बाई, का पुसलास? तर ती म्हणाली, मॅडम, आधार कधी मायनस असतो का? आणि दप्तरातून तुझी पुस्तिका काढून माझ्यापुढे ठेवली. ‘आनंद सरांची दहा सूत्रं’. रंगीत छपाई, मागे तू, चष्म्यासकट. तिसरं सूत्र मी तिथे उभ्याउभ्या वाचलं: घाबरू नका, मायनस आला तर पुसा, चौकोन करा, वर बाण द्या, तपासणारा नुसता आकडा बघतो. त्यानंतर त्या तासाला माझ्याने शिकवणं झालं नाही. तनुजाला वाटलं मी तिच्यावर रागावले. लातुरात दुकानं पुष्कळ आहेत, कोणी रसायन विकतं, कोणी जीवशास्त्र विकतं, आणि ती मंडळी निदान काहीतरी देतात तरी. तू घाबरलेल्या पोरांना खोडरबर विकतोस. आणि पोरं पास होतात म्हणून तुला सर म्हणतात.

तुला समजत नाही असं मी म्हणणार नाही, तिथेच तर माझं डोकं फिरतं. सहा वर्षांचा होतास तेव्हा तुला हे समजत होतं. आपले आबा गावातल्या अमृतरावांकडे कामाला होते, त्यांची बैलगाडी हाकायचे, कडबा भरायला आपल्या दोघांना बरोबर न्यायचे. पेंढ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळायची. मागचं टोक जमिनीकडे, जू आभाळाकडे, आणि बैल माना ताणून घुसमटायचे. कारण जू मानेवर नुसतं ठेवलेलं नसतं, मानेखालून पट्टा बांधलेला असतो, आणि जू वर गेलं की तो पट्टा गळ्याला आवळतो. आबा ओरडायचे, पोराहो, म्होरं बसा म्होरं, गाडी उलाळायली! आपण धावत जाऊन बैलांच्या शेपटांपाशी बसायचो आणि जू हळूच खाली यायचं. तू एवढुसा, पण तुला बरोबर ठाऊक असायचं की जितकं चाकापासून लांब बसावं तितकं आपलं वजन जास्त लागतं. तू जुवाकडच्या अगदी टोकाला जाऊन बसायचास आणि मला म्हणायचास, आक्का, तू नुसती लठ्ठ हायस, तुझा काही उपेग न्हाई. ते खरं होतं. चाक म्हणजे तुझी पुढची भिंत. मागच्या पेंढ्या म्हणजे कठड्याशी उभ्या बायका. जू म्हणजे तुझं मागचं टोक. आणि तो गळ्याचा पट्टा म्हणजे बोल्ट, जे लावायला मारोतीदादा तयार होता आणि तू लावू दिले नाहीस. मायला मी मोमेंट सांगितले नाहीत की चौकोन सांगितले नाहीत. म्हटलं, तुझ्या लेकाचा सज्जा उलाळणार आहे. ती म्हणाली, म्हंजी पट्टा बांधायचाच इसरला का गं त्यो?

तरी मी म्हटलं, आपण नुसतं तोंडाने बोलायला नको. तोंडाने बोलणारे आपल्या घरात पुरेसे आहेत. मागच्या रविवारी मारोतीदादाला घेऊन गेले. सज्ज्याच्या पुढच्या टोकाखाली त्याने दोन मजबूत बल्ल्या उभ्या केल्या, वर बोटभर फट ठेवून, म्हणजे सज्जा झुकला तरी बोटभरच झुकेल. खालचा रस्ता बंद केला. पहारीने एक मागचं टोक जरा उचलून त्याखाली एक कागद सरकवला. मग वाळू भरलेली पन्नास पन्नास किलोची पोती एकेक करून कठड्यापाशी मांडायला लागलो. जमलेल्या बायकांना मी ऐटीत सांगून ठेवलं होतं की बघा, सातव्या पोत्याला मागचं उठतं. चार पोत्यांपर्यंत कागद घट्ट होता, ओढला तर फाटला असता. पाचव्याला सैल वाटला. आणि सहावं पोतं ठेवलं, तसं मागचं टोक मुकाट्याने वर गेलं, पुढचं ठक्कन बल्ल्यांवर बसलं. मी दोन बोटांनी कागद काढून घेतला. सातव्याचं सहाव्याला का झालं, हे तू विचारणारच, म्हणून सांगते. कठड्याचं स्वतःचं वजन मी हिशोबात धरायला विसरले होते. घे, हस. तूही विसरलायस, पण तू तर मायनसच पुसणारा माणूस, तुझं काय धरायचं. सहा पोती म्हणजे तीनशे किलो. चारही गर्डर मिळून फक्त पाच बायका. तू कागदावर वीस चढवल्या होत्यास.

जमलेल्या बायकांतली महामाया वहिनी म्हणाली, म्हंजी आम्ही फुलं टाकायच्या आधी आम्हीच पडलो असतो की रथावर. बायका हसल्या, पण माय हसली नाही. ती खाली रस्त्यावर उभी राहून त्या वर उठलेल्या टोकाकडे बघत होती. घरी येताना मला म्हणाली, तू आन मारोती मिळून नीट करून टाका, आनंदाला कळू देऊ नका, त्याच्या क्लासचं नाव खराब हुईल. ऐकलंस? तुझ्या हातून मरता मरता वाचलेली बाई तुझ्या क्लासच्या नावाची काळजी करायली. मी तिथेच भांडले तिच्याशी. म्हटलं, याच्या कंपासपेटीपासून याच्या ड्रॉइंगच्या शीटपर्यंत आयुष्यभर सगळं आपण गुपचूप नीट करत आलो, म्हणून तर हा असा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर विहाराच्या जिन्याला कुलूप, आणि चावी तिच्या कमरेच्या पिशवीत. कुणालाच देईना. मारोतीदादाने मागच्या भिंतीवर काँक्रीटचा पट्टा ओतला, भिंतीत खोलवर बोल्ट धरले, वरून दाबायच्या लोखंडी पट्ट्या कापून ठेवल्या, आता नुसत्या चढवून आवळायच्या आहेत. पण माय म्हणते, ज्यानं इसरला त्यानंच बांधावा. तू आलास तर बायका चढतील. नाही आलास तर यंदाही रस्त्यावर, लोकांच्या पाठी बघत उभ्या राहतील. खाली बल्ल्या आहेत, वर कुलूप आहे, त्यामुळे कुणाचा जीव जायचा नाही. पण दोन वर्षं भांडून मिळवलेला सज्जा बंद राहिला, तर मंडळाच्या मीटिंगमध्ये पुरुष काय बोलतील ते तुला मी सांगायला नको. लातूर ते उदगीर, उदगीर ते जळकोट, तिथून आपला फाटा. बारा तारखेच्या आत ये. पाना मारोतीदादाकडे आहे.

आणि आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं. नट आवळायला मला तू लागत नाहीस, मायचा हट्टही मी मोडून काढला असता. तिसरं सूत्र तुझं नाही, आनंदा. ते माझं आहे. अठरा वर्षांपूर्वी मुखेडच्या स्टँडवर, तुझी मेकॅनिक्सची तिसरी खेप, दुपारी नांदेडला पेपर, आणि बस सुटायला पंचवीस मिनिटं होती. तू वही उघडून मला विचारलंस, आक्का, मायनस आला म्हणजे नक्की काय होतं गं? माझ्या साठ पोरांपैकी एकानेही आजवर मला इतका नेमका प्रश्न विचारलेला नाही. मी शेवटच्या वर्षाला होते, वर्गात पहिली होते, आणि मला तुझी लाज वाटायची. मनात म्हटलं, या दगडाला काय कळणार. आणि तोंडाने म्हटलं, घाबरू नको, मायनस आला तर पूस, चौकोन कर, वर बाण दे, तपासणारा नुसता आकडा बघतो. तू ते तळहातावर लिहून घेतलंस. एक्केचाळीस मार्कांनी पास झालास आणि पळत येऊन माझ्या पाया पडलास, आणि मी ती गोष्ट मैत्रिणींना हसत हसत सांगितली. तू शब्दाला शब्द जपून ठेवलास, ‘घाबरू नका’ सुद्धा माझंच. बैलगाडी तेव्हा मला आठवली नव्हती असं नाही. तुझ्यावर ती खर्च करावीशी वाटली नाही. एवढ्या लांबलचक पत्रात मी तुला ती सांगितली, ती त्या पंचवीस मिनिटांची भरपाई म्हणून. तू येशील तेव्हा मीही तुझ्याबरोबर लातूरला येईन, तुझ्या पोरांपुढे दहा मिनिटं उभी राहीन आणि सांगेन की हे सूत्र कुणी आणि का काढलं. मला फळा देशील का? आता पहिलं पान उलटून बघ. मी हे पत्र तुझ्याच कागदाच्या पाठीवर लिहायला घेतलं होतं. सज्ज्याच्या टोकाखाली मी हाच कागद सरकवला होता, कडेचा गंज तुझ्या गर्डरचा आहे. तुझ्या बाणाप्रमाणे त्याच्यावर एकशे एकोणचाळीस किलो बसायला हवे होते. चौकोनाच्या आत, आकड्याच्या डावीकडे बोट फिरव. तू लहानपणापासून पेन्सिल दाबून लिहितोस. मायनस पुसलाय, पण त्याची रेघ अजून बोटाला लागते. तुझं उत्तर बरोबर आलं होतं रे. पुसायला मी शिकवलं होतं.

तुझीच,
लुंबिनी आक्का